गुडघ्याच्या कलाने

गुडघा दुखायला लागला की माणसाला जिने दिसायला लागतात. एरवी पायऱ्यांकडे कुणी बघत नाही, बोलता बोलता आपण खाली पोहोचलेलो असतो. गुडघा धरला की मात्र कठडा कोणत्या बाजूला आहे, पायऱ्या किती उंच आहेत, मागून कुणी घाईत येतंय का, हे सगळं आधी बघावं लागतं. त्यातून चढण्यापेक्षा उतरणं अवघड. लोकांना हे उलटं वाटतं, पण त्यामागे सरळ कारण आहे. उतरताना पुढचं पाऊल खालच्या पायरीवर टेकेपर्यंत सगळं वजन मागच्या, वाकत जाणाऱ्या पायावर असतं. मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी त्याला शरीर सावरून धरायचं असतं. सपाटीवर चालताना गुडघ्याच्या वाटीवर येणारा भार शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, तो जिन्यावर तिपटीच्या पुढे जातो आणि खोल उकिडवं बसताना सातपटीच्याही वर. दुखऱ्या गुडघ्याला हा हिशेब कुणी सांगावा लागत नाही.

माझा गुडघा पडून किंवा मुरगळून दुखावला नव्हता. रोजच्या जॉगिंगच्या शेवटी वाटीच्या मागे कुठेतरी एक बोथट ठणका जाणवायला लागला. बोट ठेवून "इथे" म्हणून दाखवता येत नव्हतं, पूर्ण तळहात वाटीवर ठेवून "इथे सगळीकडे" असं सांगावं लागत होतं. पुढे तो धावणं संपल्यावर तासाभराने यायला लागला, मग खुर्चीत बराच वेळ बसलं तरी. सिनेमा बघताना मध्यंतराच्या आधीच पाय लांब करावासा वाटणं, ही या दुखण्याची इतकी ठरलेली खूण आहे की तपासणारे ते आवर्जून विचारतात. मलाही विचारलं. या प्रकाराला इंग्रजीतून आलेलं 'रनर्स नी' हे नाव सगळीकडे चालतं, पण तो धावणाऱ्यांनाच होतो असं नाही. वाटी आणि मांडीचं हाड यांच्या मधल्या सांध्याला झेपेल त्याहून जास्त काम पडलं की कुणाचाही गुडघा अशी तक्रार करू शकतो.

या निमित्ताने मी वाटीबद्दल मिळेल ते वाचलं आणि माझ्या मनात तिच्याविषयी खरोखरच आदर निर्माण झाला. मांडीच्या पुढच्या चार स्नायूंची मिळून एक जाड कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, होते आणि वाटी त्या कंडरेतच बसलेली असते. कंडरेत असलेल्या अशा हाडांमध्ये ती शरीरात सर्वांत मोठी. जन्मतः ती हाड नसतेच. बाळाच्या गुडघ्यात तिथे नुसती कूर्चा, म्हणजे हाडाहून मऊ, लवचीक असा भाग असतो, आणि साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात, म्हणजे मूल धावायला, उड्या मारायला लागल्यानंतर, तिचं हाड व्हायला सुरुवात होते. ती कंडरेला सांध्यापासून जरा पुढे ढकलून धरते, त्यामुळे तरफ लांब होते आणि पाय सरळ करायला मांडीला कमी जोर लागतो. पाय वाकतो तशी ती मांडीच्या हाडाच्या खोबणीतून खाली-वर सरकते. तिच्या मागच्या बाजूला शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी एक आहे.

आणि इथेच ती गोष्ट येते जी मला कुणीतरी आधीच सांगायला हवी होती असं वाटतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तेही तिच्यावर दाब पडला आणि सुटला तरच. स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं आणि सोडला की आत जातं, तसा तो द्रव कूर्चेत ये-जा करतो. म्हणजे ज्या सांध्यावर भारच पडत नाही त्याची कूर्चा उपाशी राहते. "गुडघ्यातलं वंगण संपलं, आता जपून" असं म्हणून माणसाला खुर्चीत बसवून ठेवणारे सगळे प्रेमानेच बोलत असतात. पण ते वंगण हलण्यानेच सांध्यात फिरतं.

मग दुखलं का? माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी याचं जे उत्तर दिलं ते मला अजूनही सर्वांत पटतं. धावायला लागलं की पहिल्यांदा बदलतात ते हृदय आणि फुप्फुसं. काही आठवड्यांतच दम पुरायला लागतो. कालपर्यंत जिथे थांबावंसं वाटायचं तिथून आज सहज पुढे जाता येतं, आणि अंतर आपोआप वाढतं. स्नायूही मागोमाग येतात. पण कंडरा, हाडं आणि कूर्चा यांची चाल वेगळी. त्यांना भाराची सवय व्हायला महिने लागतात. धावताना प्रत्येक पाऊल जमिनीला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने भेटतं, आणि एका किलोमीटरला अशी हजाराच्या वर पावलं पडतात. दम म्हणतो चला, गुडघा अजून मागेच असतो. दोघांमधलं हे अंतर बाहेरून दिसत नाही. ज्या सकाळी सर्वांत हलकं, सर्वांत मोकळं वाटत असतं, नेमक्या त्याच दिवसांत गुडघ्यावरचा ताण साठत जातो.

"आराम करा" हा सल्ला मला घरातून, कामाच्या ठिकाणी, शेजारून, सगळीकडून मिळाला. त्यात चूक काही नाही, पण तो अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पहिले काही दिवस भार कमी करायलाच हवा. पण दोन-तीन आठवडे पाय नीट वापरला नाही की मांडी बारीक व्हायला लागते. मांडी अशक्त झाली की वाटीवरचं नियंत्रण ढिलं पडतं, मग थोडं चाललं तरी दुखतं, दुखतं म्हणून आणखी आराम, आणि मांडी आणखी बारीक. कितीतरी माणसं या फेऱ्यात वर्षानुवर्षं अडकून बसलेली मी आता ओळखू शकते. "मीसुद्धा धावायचो, मग गुडघा गेला," असं ती सांगतात, आणि तो कुठे गेला हे कुणी त्यांना कधी तपासून सांगितलेलंच नसतं.

वैद्यकशास्त्रालाही हे उमगायला वेळ लागलाय. आराम, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चतुःसूत्री अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली आणि ती जगभर पाठ झाली. २०१४ मध्ये त्याच मिर्किन यांनी लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण आराम या दोन्हींमुळे बरं होणं लांबूही शकतं. आपलंच गाजलेलं सूत्र स्वतः मागे घेणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. त्याच्या कितीतरी आधी, १९७०च्या दशकात, कॅनडातले अस्थिशल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर सशांच्या सांध्यांवर प्रयोग करून दाखवत होते की जखमी कूर्चा सांधा हलता ठेवला तर जास्त चांगली भरते. जॉगिंगचा स्वतःचा इतिहासही याच वाटेने जातो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ज्या लोकांना हळूहळू पळायला लावलं, त्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले मध्यमवयीन लोक होते. अशा रुग्णांना तेव्हा पडून राहायला सांगायची पद्धत होती. १९६२ मध्ये अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले, हे सगळं बघून थक्क झाले आणि परत जाऊन त्यांनी आपल्याकडच्या लोकांना जॉगिंग शिकवलं. म्हणजे ज्या व्यायामाने माझा गुडघा दुखावला, तो मुळात दुखणाइतांना अंथरुणातून उठवण्यासाठी उभा राहिलेला व्यायाम आहे. हे वाचलं त्या दिवशी मला बराच धीर आला.

फिजिओथेरपीचा पहिला व्यायाम इतका साधा होता की माझा विश्वास बसेना. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. पाच अंक मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं.

"दाबा," त्या म्हणाल्या.

"दाबतेय की."

"मांडी नाही दाबत आहे, तुमची कंबर उचलली जातेय. इथे हात ठेवा."

त्यांनी माझी बोटं वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला ठेवली. तिथे थेंबाच्या आकाराचा एक स्नायू असतो. आधी चांगल्या पायाने दाबायला सांगितलं. बोटांखाली तो क्षणात टणक झाला, कातडीवर त्याची कड उमटली. मग दुखऱ्या पायाने. मी दात आवळले, टाच ताणली, तोंड लाल झालं, आणि बोटांखाली मऊच. जरा वेळाने आत कुठेतरी काहीतरी थरथरलं आणि विझलं. माझाच पाय, माझीच आज्ञा, आणि ती पोहोचत नव्हती. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. त्या अगदी शांत होत्या. सांध्यात थोडी जरी सूज आली तरी मज्जारज्जू त्या स्नायूला जाणारा हुकूम दाबून धरतो, असं त्यांनी सांगितलं. त्यासाठी २० ते ३० मिलीलिटर पाणीही पुरतं. शरीर दुखऱ्या सांध्याला जोर लावू देत नाही, हे त्याचं संरक्षणच. फक्त सूज उतरली तरी ते संरक्षण आपणहून उठत नाही. स्नायूला पुन्हा बोलावून आणावं लागतं.

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी मी तशीच बसले, बोटं त्या जागेवर ठेवून. कधी थरथर लवकर यायची, कधी येतच नसे. ज्या संध्याकाळी तो स्नायू पहिल्यांदा पाचही अंक मोजेपर्यंत बोटांखाली टणक राहिला, तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून हात लावून बघायला लावलं. आई म्हणाली, "अगं, हे तर सगळ्यांनाच येतं." मग तिने स्वतःच्या मांडीला हात लावून बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या शेजारी टॉवेल घेऊन बसायला लागली.

पुढे सरळ पाय उचलणं, कुशीवर झोपून गुडघे उघडणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, असं वाढत गेलं. माझा प्रश्न असायचा की दुखतंय गुडघ्यात आणि व्यायाम नितंबाचे का? त्याचं उत्तर आरशाने दिलं. एका बुटक्या पायरीवर एका पायाने उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवून परत वर यायचं. चांगला गुडघा सरळ, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत वाकत होता. दुखरा गुडघा वाकायला लागला की आत, दुसऱ्या पायाकडे कलंडायचा, आणि त्या बाजूचं नितंब बाहेर सरकायचं. गुडघ्याला वर-खाली होण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. मांडी कुठे वळणार हे वर कमरेला ठरतं आणि खाली पाऊल ठरवतं. कमरेच्या बाजूचे स्नायू थकले की मांडी आत वळते, खोबण सरकते आणि वाटीच्या वाट्याला तिरका भार येतो. एका पायरीवर हे एवढं स्पष्ट दिसत होतं, तर धावताना हजार पावलांमध्ये काय होत असेल. त्या आरशासमोर मला माझा गुडघा पहिल्यांदा समजला असं मी म्हणेन.

दुखणं मोजायलाही शिकावं लागलं. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल, असं बाईंनी सांगितलं. हे ऐकून मला आश्चर्य वाटलं, कारण दुखलं की थांबायचं असंच सगळ्यांनी बजावलेलं. खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभरात दुखणं पहिल्या जागी आलं तर कालचा भार गुडघ्याला पटला, तोच चालू ठेवायचा किंवा जरासा वाढवायचा. सकाळी गुडघा जड, ताठर वाटला तर एक पाऊल मागे. मला वाटतं बरं होण्याची सगळी कला या एका सवयीत आहे. आदल्या दिवशीचा उत्साह किंवा निराशा बाजूला ठेवून गुडघ्याला विचारायचं आणि तो सांगेल ते मानायचं. कधी कधी तो आठवडाभर एकच उत्तर देतो. ते आठवडे फार लांब असतात. भार वाढवलाही नाही आणि कमीही केला नाही, सगळं नेमून दिल्यासारखं केलं, आणि तरी सकाळी तोच जडपणा. त्याचं कारण नेहमी सापडतंच असं नाही. झोप कमी झालेली असते, कामाचा ताण असतो, आणि कधी काहीच नसतं.

या सगळ्यात सर्वांत अवघड गेल्या त्या सकाळी. पहाटे जाग यायची ती सवयीने. शरीर धावण्याच्या वेळेला तयार व्हायचं आणि त्याला कुठे जायचं नसायचं. माझ्या दिवसातली तीच एक वेळ अशी होती जेव्हा मला कुणी काही विचारत नसे, कुणाला काही उत्तर द्यायचं नसे. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चिडचिडी झालेय, जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही. न धावणाऱ्या माणसाला हे सांगून पटत नाही. "थोडे दिवस नाही धावलं तर काय बिघडतं," असं विचारणाऱ्यांना मी खूप दिवस नीट उत्तर देऊ शकले नाही. आता देईन. धावणं बंद होतं तेव्हा व्यायामाबरोबर माणसाचा स्वतःशी बोलायचा वेळही बंद होतो, आणि ते दुःख गुडघ्याच्या दुखण्याइतकंच खरं असतं. उपचार करणाऱ्यांनी त्याचीही विचारपूस करावी. माझ्या बाईंनी केली, आणि धावण्याच्याच वेळेला सपाटीवर चालायला जायला सांगितलं. अंतर कमी, वेळ तीच. मला त्या सल्ल्याचा गोळ्यांपेक्षा जास्त उपयोग झाला.

एमआरआय काढून घ्यावा असं मला मध्ये फार वाटत होतं. काहीतरी चित्र हातात असावं, काय फाटलंय, काय झिजलंय ते एकदा कळावं. बाईंनी आणि डॉक्टरांनी दोघांनीही थांबायला सांगितलं. गुडघा अडकत नव्हता, दगा देत नव्हता, मोठी सूज नव्हती. आणि पन्नाशीच्या पुढच्या, अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यांचेही एमआरआय काढले तर त्यांतल्या बहुतेकांत काही ना काही दोष दिसतोच. शिवाय कूर्चेला स्वतःला मज्जातंतू नसतात. दुखतं ते खालच्या हाडाला, आजूबाजूच्या अस्तराला आणि वाटीखालच्या चरबीच्या गादीला. चित्रातला दोष आणि दुखणं यांची सांगड दर वेळी बसतेच असं नाही. पण अहवालात छापून आलेला 'झीज' हा शब्द माणसाच्या चालण्यात उतरतो. ज्याला आपला गुडघा झिजलाय असं वाटतं, तो तो वापरत नाही.

धावण्याने गुडघे झिजतात, हे तर मला अगदी शिकलेल्या माणसांनीही सांगितलं. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेलं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के आढळलं, न धावणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. यावरून धावण्यामुळेच सांधे वाचतात असं लगेच म्हणता येणार नाही, कारण ज्यांचे सांधे मुळात चांगले तेच धावत राहतात असंही असू शकतं. पण आपल्या कुवतीने, हौसेने धावणाऱ्याला "गुडघे घालवून बसशील" अशी भीती घालायला या आकड्यांत काही आधार नाही, एवढं मी ठामपणे म्हणते.

ताकद परत आली तरी भीती मागे राहते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका पायावर बसून उठता येत होतं, दुखणं शून्यावर होतं, आणि तरी पहिल्यांदा धावायच्या दिवशी मैदानाच्या कडेला माझे पाय उचलेनात. एक मिनिट धावायचं आणि दोन मिनिटं चालायचं, एवढंच ठरलं होतं. त्या एका मिनिटात माझं सगळं लक्ष उजव्या वाटीत होतं. श्वास कुठे आहे, हात कुठे आहेत, काही कळत नव्हतं. काही दुखलं नाही. घरी आल्यावरही नाही. तरी रात्री मी तीनदा पाय वाकवून बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा गप्प होता आणि मला रडू आलं.

त्यानंतर धावण्याची मिनिटं वाढत गेली आणि चालण्याची कमी होत गेली. बाईंनी एक बदल करायला लावला. वेग तोच ठेवून पावलं थोडी आखूड आणि जलद, नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्के जास्त. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की गुडघ्याला ब्रेकसारखं काम करावं लागतं. ते शरीराच्या खाली पडलं की भार नितंब आणि पोटरी वाटून घेतात. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, आपण तुरुतुरु चाललोय असं. हळूहळू पायात बसतं. ज्यांना फक्त बूट बदलून गुडघा बरा करायचा आहे त्यांनी आधी हे करून बघावं, असं माझं मत आहे.

ताकदीचे व्यायाम अजून चालू आहेत, धावत नाही त्या दिवशी. दुखत नाही म्हणून ते सोडायचा मोह होतो, पण आई टॉवेल घेऊन बसलेली असते, त्यामुळे सुटत नाहीत.

परवा कामावरची एक मैत्रीण विचारत होती. तिने काही महिन्यांपूर्वी धावायला सुरुवात केलीय, आता वाटीच्या मागे दुखतंय आणि घरचे सगळे सोड म्हणतायत. मी तिला आधी तेच विचारलं जे मला विचारलं होतं. पडलीस का, दुखावल्यावर लगेच गुडघा फुगला का, मध्येच अडकतो का, पाय टाकताना दगा देतो का, रात्री झोपेतून उठवतो का. यातलं एक जरी "हो" असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखव, असं सांगितलं. सगळ्याला "नाही" असेल तरी एकदा तपासून घ्यायचं, तोवर अंतर कमी करायचं, उतार टाळायचे आणि चालणं अजिबात बंद करायचं नाही. तिची सगळी उत्तरं "नाही" होती. गुरुवारची वेळ तिने घेतली आहे, आणि मी बरोबर जाणार आहे.